भिंतीच्या रंगाचं दार

कुंडलिकनं कडीवर ब्रशचा दुसरा हात मारला. तपकिरी दार आता भिंतीसारखंच पिस्ता झालं होतं.

"कोयंडाही सोडू नका, आबा," मैथिली म्हणाली. ती त्याची लेक, भोरच्या दवाखान्यात नर्स होती. "दार दिसलं की आईला बाहेर जायचं सुचतं. भिंतीत मिसळलं की सुचणारच नाही."

कुंडलिकच्या बायकोच्या, बाळाबाईच्या डोक्यातून दोन वर्षांत सगळं पुसलं जात होतं. माहेर तेवढं उरलं होतं. माहेरी भोंगवलीला जायचं म्हणून ती दोनदा शिवऱ्याच्या हायवेवर पोचली. दुसऱ्यांदा टेम्पोवाल्यानं करकचून ब्रेक दाबला म्हणून वाचली. कुलूप लावलं, तर हातातून रक्त येईस्तोवर दार बडवायची.

रंग वाळला. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती पिशवी घेऊन उठली आणि दारापाशी येऊन थबकली. कडी हाताच्या अंतरावर होती. ती इकडंतिकडं बघत कोपऱ्यापर्यंत गेली, तशीच परत आली.

"अवो, हितं दार हुतं न्हवं?"

कुंडलिक हातातल्या विळ्याची धार अंगठ्यानं चाचपत राहिला.

"न्हाई. हितं कुठलं दार?"

"माजंच चुकलं आसंल," ती म्हणाली आणि खाली बसली.

चौथ्या दिवशी ती उठलीच नाही. पिशवी मांडीवर घेऊन भिंतीकडं बघत राहिली. दुपारी मैथिलीचा फोन आला.

"जमलं ना, आबा?"

"जमलं."

फोन ठेवून त्यानं दार सताड उघडलं. ऊन आत आलं तशी बाळाबाईची मान वर झाली. त्यानं तिचा हात धरला आणि एसटीनं तिला भोंगवलीला नेलं.

तिथं तिचं कुणी उरलं नव्हतं. घर केव्हाच दुसऱ्याचं झालं होतं. दोघं देवळाच्या पारावर टेकली. येणाऱ्याजाणाऱ्यांकडं बघता बघता बाळाबाईचा चेहरा सैल झाला. मग तिनं शेजारी बसलेल्या कुंडलिककडं निरखून पाहिलं.

"तुमी कुठलं, पावनं?"



"शिवऱ्याचा. हितला जावई हाय मी."

बाळाबाईनं लगबगीनं पदर डोक्यावर घेतला, आणि पाहुण्याला नीट बसता यावं म्हणून जरा बाजूला सरकली.