विचारून घेतलेली वीज

आमच्या घरात वीज विचारून घ्यावी लागायची.

लाकडी फळीवर चिनीमातीचे तीन फ्यूज. एक पुढच्या खोल्यांचा, एक मागच्या खोलीचा आणि एक स्वयंपाकघर-न्हाणीघराचा. लग्नाच्या वर्षी बाबांनी ती फळी स्वतःच्या हाताने ठोकली, तेव्हा घरात चार दिवे, एक पंखा आणि एक रेडिओ होता. पुढे मिक्सर आला, गिझर आला, फ्रीज, धुण्याचं मशीन, विजेची शेगडी, धाकट्या भावाचे दोन कॉम्प्युटर. फळी तीच राहिली. म्हणून कायदा झाला. जड काही लावायचं तर आधी हाक मारायची, "घेऊ?" आणि आई म्हणायची, "घे." किंवा म्हणायची, "थांब."

उत्तर द्यायचा हक्क फक्त आईचा. कुठे काय चालू आहे याचा हिशेब तिच्या डोक्यात असायचा. पोळपाटावरची नजर न हलवता ती सांगायची, शेगडीवरचं दूध होऊ दे, मग गिझर. "थांब"वर अपील नव्हतं. मी अंगाला साबण लावून थांबलेली आहे. बाबा अर्धी दाढी करून थांबलेले आहेत. एकदा मामा मुक्कामाला आला आणि त्याने न विचारता इस्त्री लावली. पुढची खोली गप्पकन बंद. आतून आईचा आवाज आला, "कोणी घेतलं न विचारता?" एवढा मिशीवाला माणूस, हातात इस्त्री घेऊन चोरासारखा उभा. तुमच्यापेक्षा लष्कर बरं, म्हणाला.

लोकांना याचं कौतुक वाटायचं. काय शिस्त, काय एकोपा. मला वाटायचं नाही. जुनं ते सोनं म्हणणाऱ्याला एकदा आमच्या फळीला ओल्या हाताने शिवायला लावावं, असं मला फार वाटतं.

बाबा एका कारखान्यात एकतीस वर्षं मेंटेनन्सला होते. फ्यूजची तार हा त्यांचा धर्म. तार जेवढी हवी तेवढीच बारीक पाहिजे, तिने वेळेवर जळायलाच पाहिजे, ती जळते म्हणून घर जळत नाही, हे आम्ही पाढ्यांच्या आधी पाठ केलं. शेजारच्याने एकदा वैतागून फ्यूजमध्ये जाड तार कोंबली, तर बाबांनी त्याच्या सासुरवाडीची माणसं बसलेली असताना त्याला झापलं. सहा महिने तो आमच्याशी बोलला नाही. बाबांना त्याचं काही नव्हतं.

मग आईची छाती बिघडली. आधी जिने चढताना, मग न चढताही. दवाखान्यात पंधरा दिवस झाले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की आता घरी न्यायला हरकत नाही, पण ऑक्सिजनचं मशीन रात्रंदिवस लागेल आणि ते क्षणभरही बंद पडता कामा नये. मशीनवाला घर बघायला आला. फळीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "हे अजून चालतं?"

"चालतं म्हणजे? तुझ्यापेक्षा जुनं आहे," बाबा म्हणाले.

"तेच म्हणतोय."

त्याने साफ सांगितलं. अर्थिंग नाही, रोज फ्यूज उडतो, इथे मी मशीन लावणार नाही. नवा बोर्ड बसवा, लोड वाढवून घ्या, मशीनला वेगळी लाइन द्या, मग बोलवा. तोवर आई वॉर्डात. मी गेले की ती मनगट धरायची आणि दोन-दोन शब्दांनी बोलायची. मला घरी ने. इथे कोणी काही विचारत नाही. वेळ झाली की सुई टोचतात, वेळ झाली की दिवा घालवतात.

आणि बाबा म्हणाले, फळीला हात लावायचा नाही.

का, ते सांगेनात. ते काय काय सुचवत होते ते मी ऐकलं. मशीनला बॅटरी लावू. मी स्वतः रात्री जागा राहीन. फ्यूज उडाला तर मिनिटात तार घालीन, माझा हात बसलेला आहे. हात बसलेला होता खरा, पण गेली दोन वर्षं तो थरथरत होता, हे त्यांच्या कपातल्या चहालासुद्धा माहीत होतं. धाकटा समजुतीचं बोलत बसला. मला समजुतीचं येत नाही. मी विचारलं, "तुम्हाला बोर्ड पाहिजे का बायको?"

ते ताटावरून उठले. त्या दिवशी मला माझ्या बापाचा राग आला होता, तो अजून आठवला तरी तोंड कडू होतं.

आई नसलेल्या घरात वीज कोणाला विचारायची हेच कळेना. एका दिवसात पुढचा फ्यूज तीनदा उडाला. मी हाक मारायची, "घेऊ?" आणि दोघांपैकी कोणीच "घे" म्हणायचं नाही, कारण ते आपलं काम आहे असं कोणाला वाटतच नव्हतं. मग मी घ्यायचे, तेवढ्यात धाकट्याने घेतलेलं असायचं, की उडाला. स्वयंपाकघराचा तेवढा उडाला नाही. मी शेगडीवर दूध तापवत असताना बाबांनी गिझर लावला, दोन्ही चालू राहिलं. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. आला नाही. मी भांडण्यात गुंतले होते.

शेवटी मी कोणाला न विचारता वायरमन आणली. हो, आणली. आमच्या छापखान्याची सगळी मशीनं तीच बघते. चाळिशीची, ठेंगणी, खांद्यावर हत्यारांची पिशवी, बोलणं कमी. बाबांनी दार उघडलं, तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागे पाहिलं.

"वायरमन कुठाय?"

"मीच."

"बाई आहेस तू."

"करंटला लाज वाटत नाही काका, तुम्हाला का वाटतेय?"

बाबा दारातून बाजूला झाले. मला ती आणखीच आवडली.

तिने आधी घरभर फिरून काय काय चालतं ते वहीत लिहिलं. मग मीटरपासून आत येणारी वायर बोटांत धरून पाहिली आणि म्हणाली, हिच्यावर एवढा भार म्हणजे शेळीवर नांगर. मग ती फळीकडे वळली. बाबा फळीसमोर आडवे आले. अक्षरशः आडवे, फळीला पाठ टेकून. मी म्हणाले, सरका. ते सरकेनात. वायरमनने स्टूल ओढलं, त्यावर बसली आणि विचारलं, "काका, फळी तुम्ही ठोकलीत?"

"हो."

"वायरी काय सरळ नेल्यात. एक वळण वाकडं नाही. आता असं कोणी करत नाही."

बाबा थोडे सैल झाले. आणि सैल झाले तेवढ्यात तिने उठून मेन बंद केला आणि स्वयंपाकघराचा फ्यूज उपसला.

तिने तो उलटापालटा करून पाहिला. मग माझ्यासमोर धरला. बारीक तारेच्या जागी तांब्याच्या तीन जाड तारा पिळून घातल्या होत्या. चिनीमाती एका बाजूने काळी पडली होती. तिने फळीवरच्या खोबणीत बॅटरी मारली. मागचं लाकूड कोळशासारखं झालं होतं, बोट लावलं तर भुगा निघाला.

"हा फ्यूज कधीच उडाला नसता," ती म्हणाली. "घर आधी पेटलं असतं."

मी धाकट्यावर घसरले. दुसरं कोण असणार? त्याला घाई, त्याला कॉम्प्युटर, तोच वैतागून कोंबणार. त्याच्या बायकोने पळ काढला ते बरंच झालं, इथपर्यंत माझी जीभ गेली. तो बिचारा नुसता, ताई, ताई, करत राहिला.

"मी घातली," बाबा म्हणाले.

मला वाटलं मी चुकून ऐकलं. ज्या माणसाने शेजाऱ्याला त्याच्या सासऱ्यादेखत झापलं, तो माणूस.

ते स्टुलावर बसले. "तिला दम लागायचा," म्हणाले. "हाक मारताना. मिक्सर लावायचा तर आधी 'गिझर चालू आहे का?' विचारायचं, मग न्हाणीतून कोण काय म्हणतं ते ऐकायला थांबायचं, मग परत ओरडायचं. एकदा बघितलं मी. ओट्याला धरून उभी होती. तोंड उघडलेलं आणि आवाज नाही. मला बघून हसली." त्यांनी फळीकडे बोट दाखवलं. "दुसऱ्या दिवशी घातली. म्हटलं, आता लाव बाई काय लावायचं ते, कोणाला विचारू नकोस."

फ्रीज बंद होता, पंखा बंद होता. इतकं शांत घर मी कधी ऐकलं नव्हतं.

मला बोलायचं खूप होतं. तुम्ही तिला जाळलं असतंत हे बोलायचं होतं, आणि ते खरंही होतं. प्रेमाने केलेला मूर्खपणा हा मूर्खपणाच असतो, त्याने लागलेली आग काही कमी भाजत नाही. पण बाबांच्या मानेकडे बघितलं आणि जीभ उचलली नाही. फळीला हात लावू देत नव्हते ते एवढ्यासाठी. बोर्डाची माया नव्हती. फ्यूज निघाला असता आणि दिसला असता.

वायरमन म्हणाली, "काका, पक्कड धरता येईल ना? वरचा स्क्रू तुम्हीच काढा."

त्यांना दोन्ही हात लागले. फळी भिंतीवरून उतरली तेव्हा मागे रंगाचा एक जुना चौकोन निघाला, हिरवा. हा रंग घराला कधी होता हे मला माहीतच नव्हतं. तुझ्या आईने आवडला म्हणून लावला होता, बाबा म्हणाले, पुढे तिलाच आवडेना.

वीजवाल्यांकडून लोड वाढवून मिळायला आठ दिवस गेले, कारण कागदावर सही करणारा साहेब जागेवर असायचाच नाही. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या टेबलासमोर डबा उघडून जेवायला बसले. आठव्या दिवशी सही झाली. मग मीटरपासून नवी जाड वायर आली, अंगणात अर्थिंगचा खड्डा झाला, भिंतीवर पत्र्याची पांढरी पेटी बसली आणि तिच्यात बारा बटणं, प्रत्येक लाइनला एक. भार जास्त झाला की बटण आपसूक खाली पडतं, झालं. तार नाही, पक्कड नाही. बाबा दोन दिवस वायरमनच्या मागे मागे फिरत होते. पहिल्या दिवशी चुका काढायला, दुसऱ्या दिवशी शिकायला.

शेवटी प्रत्येक बटणाखाली चिठ्ठी लावायची होती. बाबा म्हणाले, मी लिहितो. वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं: पुढची खोली, गिझर, शेगडी, मोटर. मशीनच्या बटणाखाली लिहिलं, "ही".

"ही म्हणजे कोण ही?" वायरमनने विचारलं.

"ही म्हणजे ही."

"काका, उद्या मी नसले आणि दुसरा कोणी आला तर त्याला कसं कळणार?"

"त्याचं लग्न झालं असेल तर कळेल," बाबा म्हणाले. ती पहिल्यांदा मोठ्याने हसली आणि चिठ्ठी तशीच चिकटवली.

आई घरी आली. पलंगाशेजारी मशीन घरघरायला लागलं, नाकात नळी, ओठांवर परत रंग. मी शेगडी लावली, धाकट्याने गिझर लावला, धुण्याचं मशीन लावलं, इस्त्री लावली, सगळं एकदम, आणि एकही बटण पडलं नाही. धाकटा घरभर नाचला. आईने बघितलं, मान हलवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

दुसऱ्या दिवशीही तसंच. जेवली थोडं, बोलली नाही. मला वाटलं दवाखान्याचा थकवा. डॉक्टरीणबाईंना फोन केला, त्या म्हणाल्या सगळं ठीक आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा तिच्या उशाशी बसले आणि त्यांनी जाड तारेचं सगळं सांगून टाकलं. मी दारात होते.

"ठाऊक होतं मला," आई म्हणाली. श्वास घेतला. "मिक्सर आणि गिझर. दोन्ही चालू राहिलं. त्याच दिवशी कळलं."

"मग बोलली नाहीस?"

"तुम्हाला वाटलं असतं. मला कळलंय. माझा आवाज गेलेला. तुम्ही बघितलात ते." पुन्हा श्वास. "आता तर सगळंच चालतं. कोणालाच. काही विचारायला लागत नाही. मला."

बाबा उठले, टॉवेल खांद्यावर टाकला, न्हाणीच्या दारापर्यंत गेले. गिझरच्या बटणावर बोट ठेवलं आणि चाळीस वर्षांच्या सवयीच्या आवाजात हाक दिली, "अगं, घेऊ का?"

आईने मान वळवली. डोळे बारीक करून पेटीकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. घरात दुसरं काहीच चालू नव्हतं, नुसतं तिचं मशीन आणि एक पंखा.

"थांबा," ती म्हणाली.

बाबा थांबले. टॉवेल खांद्यावर, बोट बटणावर. ती उशीवर सरकून नीट बसली, पदर सारखा केला, नळी कानामागे नीट अडकवली. सगळं सावकाश. एक मिनिट झालं असेल, कदाचित दोन.

"घ्या आता."

मला छापखान्यात आठला पोचायचं होतं आणि इस्त्री हातात होती. पावणेआठ झाले होते. विचारायची काहीही गरज नव्हती, पेटीत बारा बटणं होती. मी तिच्या खोलीच्या दाराशी गेले.

"आई, घेऊ?"

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "गिझर होऊ दे," म्हणाली.

मी थांबले.