दारालगतचा अँगल

भिमाजी गांगुर्डे तिसऱ्यांदा पिंपळगावला आला, तेव्हाही वजनाचा काटा तिथंच लटकत होता.

पॅकहाउसचे मालक निवृत्तीनाना यांना जुन्या पत्र्याच्या शेडमध्ये द्राक्षांच्या पेट्या ठेवायला लोखंडी माळा हवा होता. माळा उभा राहिला होता. सोमवारी त्यावर पेट्या चढायच्या होत्या आणि त्याआधी इंजिनिअर म्हणून भिमाजीची सही लागत होती. माळ्याखाली चाळीस बायका घड निवडत बसत. वरच्या ओझ्यानं आणि वाऱ्यानं शेड कलायला लागली, तर तिला धरून ठेवणार ते खांबांमधले तिरपे अँगल. ते होते लांब आणि बारीक. टोकांकडून दाब आला की मध्यावर बाक घेणारे. म्हणून प्रत्येकाला दुसरा अँगल जोडून तो जाड करायचा, असं भिमाजीनं ठरवून दिलं होतं.

दारालगतच्या अँगलला मात्र आधीच बाक आला होता. अकरा वर्षं वजनाचा काटा त्याच्याच मध्यावर टांगला जात होता. पहिल्या खेपेला भिमाजीनं या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणून दाखवली होती. मध्यावर तीन बोटांचं अंतर. आधीच वाकलेला अँगल दाबाखाली आणखीच वाकणार. आधी काटा काढा, अँगल सरळ करा, मगच जोडा. दुसऱ्या खेपेला त्यानं हेच पुन्हा सांगितलं. दोन्ही वेळा नानांनी मान डोलावली होती आणि चहा मागवला होता.

आता काम पुरं झालं होतं. नाशिकहून आणलेला वेल्डर महेबूब जोडावर हात फिरवत म्हणाला, "बघा साहेब, केसभर फट सापडणार नाही."

खरंच सापडत नव्हती. ती राहू नये म्हणून त्यानं नवाकोरा सरळ अँगल तापवून, ठोकून, जुन्याच्या बाकाबरहुकूम वाकवला होता आणि मग जोडला होता. इतक्या निगुतीनं केलेलं चुकीचं काम भिमाजीनं पाहिलं नव्हतं. शिवाय अँगल जाड झाला म्हणून नानांनी त्यावर पहिल्यापेक्षा मोठा काटा टांगला होता.

सही होणार नाही म्हटल्यावर नाना तापले. अकरा वर्षांत पत्रा हलला नाही, हंगाम तोंडावर आलाय आणि साहेब दोरी घेऊन फिरतायत. भिमाजीनं वाद घातला नाही. दोरी महेबूबच्या हातात दिली.

महेबूबनं ती ताणली, मधे बोटं घालून पाहिली आणि नानांकडे वळला. "मला नुसतं जोड म्हणालात. आधी सरळ कर, हे का नाही सांगितलं?"

नाना बाहेरच्या टेम्पोकडे बघायला लागले.

महेबूबनं तात्पुरता टेकू दिला आणि स्वतःचंच काम गॅसनं कापून काढलं. चारच्या सुमारास जुना अँगल सरळ होऊन, दुसऱ्या सरळ अँगलच्या जोडीनं जागेवर बसला. भिमाजी हात धुऊन परतला तर काटा शेजारच्या अँगलला, बरोबर मध्यावर.

"कुणी लावला हा?" त्यानं दात आवळून विचारलं.

"म्या," वजन करणारी सुलाबाई म्हणाली. "तिथं लावू नका म्हनलात, म्हून हितं लावला. मला दाराचा उजेड पायजे, नायतर आकडा दिसत नाय. कुठं लावायचा ते कुनी सांगितलंय का?"

तीन खेपा झाल्या होत्या. काटा काढा, असं तो प्रत्येक वेळी नानांना सांगून गेला होता. वापरणारीला एकदाही विचारलं नव्हतं.

कापलेले वाकडे तुकडे कोपऱ्यात पडले होते. महेबूबनं त्यातले तीन उचलून त्यांची तिवई केली आणि दारात उभी केली. सुलाबाईनं ती दोन्ही हातांनी गदागदा हलवून पाहिली, मगच काटा टांगला.

भिमाजीनं पुन्हा प्रत्येक अँगलला दोरी लावली. दुसरं टोक महेबूबनं धरलं होतं. सही झाल्यावर नानांनी चहा मागवला. भिमाजी नको म्हणाला.