वरची जागा

विजयमालाबाई चाल लावत नाहीत, मुरायला टाकतात, असं मंडळ चालवणाऱ्या सावित्रम्मा सगळ्यांना सांगायच्या. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. पण गोष्ट खरी होती. मठातल्या महिला मंडळासाठी दर श्रावणात एक नवं गाणं व्हायचं. चाल विजयमालाबाईंची आणि गळा महेश्वरीअक्कांचा. अक्कांचं घर सोलापूरच्या नवी पेठेत, खाली कापडाचं दुकान आणि वर राहायची जागा. आषाढाच्या तोंडाला विजयमालाबाई तिथं जायच्या, अक्कांचीच पेटी पुढ्यात ओढायच्या आणि नवी चाल एकदा, फार तर दोनदा म्हणून दाखवायच्या. मग महिनाभर त्या गाण्याचं नाव काढायचं नाही. कागदावर उतरवायचं नाही, मोबाइलवर घ्यायचं तर मुळीच नाही. महिन्यानं अक्कांनी आठवेल तसं म्हणायचं आणि त्यांच्या गळ्यातून जे परत येईल ती चाल पक्की.

बँकेत नोकरी करणारी पूनम मंडळात नवी आली तेव्हा तिला हे काही पटेना. तिनं विचारलं, अशानं चाल बिघडत नाही का? विजयमालाबाई शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या, तेव्हा प्रश्न विचारला की उत्तर अर्ध्या तासाचं मिळणार हे ठरलेलं. त्यांनी सांगितलं, चाल लावणारा अर्धीच चाल लावतो. तो हुशारी दाखवायला एखादी हरकत घालतो, एखादं उगीच वळण घेतो. गाणारीचा गळा या सगळ्याला चाळणी लावतो. महिनाभरात जे विसरलं ते चालीचं नव्हतंच, लावणाऱ्याच्या मिजाशीचं होतं. आणि शेवटी वडिलांची गोष्ट आलीच. ज्ञानबा सांगोल्याकडं मेंढरं राखायचे, ओव्या म्हणायचे. ओवी म्हणणारा ओळ पुरी करत नाही, शेवट मोकळा सोडतो आणि मागं उभे असलेले झीलकरी तो उचलतात. ज्ञानबा म्हणायचे, ‘समदं आपुनच म्हणू नये. मागच्यान्ला उचलाया काय तरी ठेवावं.’ हे वाक्य विजयमालाबाईंनी इतक्यांदा ऐकवलं होतं की मंडळातल्या बायका ते त्यांच्या आधीच पुरं करायच्या.

यंदा मात्र सगळंच विस्कटलं. संक्रांतीनंतर अक्कांच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, पण आवाज परत आला तो अर्धाच. खालच्या सुरांत घोगरा का होईना, लागायचा. वर चढायला लागला की नळाचं पाणी गेल्यावर येते तशी नुसती हवा यायची. डॉक्टरांनी सांगितलं, आता आहे हे असं आहे.

ज्येष्ठात सावित्रम्मांनी विजयमालाबाईंना बाजूला घेतलं. यंदाचं गाणं पूनमला द्यावं, अक्कांना उगीच चारचौघींत त्रास कशाला, असं त्यांनी मायेनंच सुचवलं. विजयमालाबाई ‘बघू’ म्हणाल्या आणि घरी आल्या. पूनमचा गळा चांगला होता, त्याबद्दल वाद नव्हता. पण विजयमालाबाई अडल्या त्या वेगळ्याच कारणानं. आजवरच्या सगळ्या चाली एकाच गळ्यात मुरल्या होत्या. तो गळा नसेल तर आपण चाल लावणाऱ्या तरी उरतो का, हे त्यांना माहीत नव्हतं. आणि अक्कांचं काय? मुलं पुण्याला, दुकान दिराच्या हातात. श्रावणातलं ते एक गाणं अक्कांचं स्वतःचं होतं, ते काढून घ्यायचं पाप आपल्या हातून नको, असं त्यांना वाटत राहिलं.

शब्द नेहमीप्रमाणे बाळाबाईंचे होते. दुधनीहून सोलापूरला सून म्हणून आलेली ही बाई भाकऱ्या थापता थापता ओळी जुळवायची.

उंबऱ्याशी भरून ठेविली घागर,
ऊन उतरेना, वाट सरेना,
येणाऱ्या जिवा, ये रे ये.

विजयमालाबाईंना चाल सुचली ती तव्यावर भाकरी असतानाच. पहिल्या दोन ओळी खाली, उन्हात पाय ओढत चालल्यासारख्या, आणि ‘ये रे ये’ला सूर एकदम वर, लांबवरच्या माणसाला हाक पोचावी इतका वर. भाकरी करपली. त्यांना आतून कळलं की हीच चाल, दुसरी होऊ शकत नाही. आणि मग आठवलं की ही जागा अक्कांना येणार नाही.

म्हणून त्यांनी ती चाल बाजूला ठेवली आणि दुसरी लावली. मधल्या पाचच सुरांत फिरणारी, गोड, कुठंही न दमवणारी. आषाढ लागायच्या आधी त्या नवी पेठेत गेल्या, पेटी ओढली आणि ही दुसरी चाल म्हणून दाखवली. अक्कांनी डोळे मिटून ऐकली, छान आहे म्हणाल्या आणि शेंगाची पोळी पुढ्यात ठेवली. विजयमालाबाई जिना उतरताना स्वतःवरच खूश होत्या. अक्कांचं गाणंही राहिलं आणि कुणाला कळलंही नाही, असा त्यांचा हिशेब होता.

महिन्यानं त्या परत गेल्या. अक्कांनी पाणी पिऊन गळा साफ केला आणि चाल म्हटली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जशीच्या तशी. एक सूर इकडचा तिकडं नाही.

आधी विजयमालाबाईंना बरंच वाटलं. अक्कांची स्मरणशक्ती अजून किती पक्की आहे, असं त्या म्हणणारही होत्या. पण मग मनात खटकलं. इतक्या वर्षांत एकही चाल अशी परत आली नव्हती. प्रत्येकीतून काही ना काही गळायचं, कुठं तरी अक्कांचं म्हणून एखादं वळण यायचं. या चालीतून काहीच गळलं नव्हतं आणि काहीच आलं नव्हतं. त्यांनी मान वर केली तर अक्का त्यांच्याकडंच बघत होत्या.

“मुरायला काय हाय की यात?” अक्का म्हणाल्या. “लेकराला घास चावून द्यावा तशी चाल दिलीस मला.”

विजयमालाबाई सारवासारव करायला लागल्या. शब्दच साधे आहेत, चालही साधीच हवी, डॉक्टरांनी सांगितलंय ताण नको, असं बरंच काही.

“साकु,” अक्का म्हणाल्या. पुरे म्हणायचं असलं की त्यांना कानडीच सुचायची. “माझ्या गळ्यात काय गळतं ते बघायचं म्हणून तू महिना थांबायचीस ना? यंदा तूच आधी गाळून आणलंस. म्हणजे माझं कामच काय राहिलं सांग.”

 खालून दुकानात कापड टरकावल्याचा आवाज आला, कुणी तरी भाव करत होतं. विजयमालाबाईंना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांना शिकवलेला नियम त्यांनी स्वतःच मोडला होता आणि तोही मायेच्या नावाखाली. अक्कांनी त्यांना रडू दिलं, मग विचारलं, खरी चाल कुठाय?

“ती लई वर जाते, अक्का,” विजयमालाबाई म्हणाल्या. घरचं बोलणं त्यांच्या तोंडात अशाच वेळी यायचं.

“जाऊ दे की. तू म्हण.”

त्यांनी म्हटली. ‘ये रे ये’ला त्यांचा आवाज मास्तरणीसारखा राहिला नाही, माळावरून हाक मारल्यासारखा उघडा झाला. समोरच्या दुकानातल्या माणसानं मान वर करून खिडकीकडं बघितलं. अक्कांनी दुसऱ्यांदा म्हणायला सांगितलं नाही. आता महिना उरलेला नव्हता, श्रावण आठवड्यावर आला होता. जे काही मुरेल ते सोमवारी मठातच ऐक, आधी मागायचं नाही, एवढंच त्या म्हणाल्या.

सावित्रम्मांना विजयमालाबाईंनी निरोप दिला की गाणं अक्काच म्हणणार. सावित्रम्मा जपून म्हणाल्या की पूनम शेजारी बसेल, वेळ पडली तर असू दे. तो आठवडा विजयमालाबाईंनी कसा काढला ते त्यांच्या घरच्यांना विचारावं. आमटीत मीठ दोनदा पडलं, एकदा पडलंच नाही. अक्कांचा आवाज भर मठात फुटला तर दोष आपला, ती चाल आपण दिली, हे एकच डोक्यात फिरत होतं.

सोमवारी मठ भरला होता. विजयमालाबाई नेहमीसारख्या मागं खांबाशी बसल्या. चाल लावणारीनं बायकांसमोर गाऊ नये, लोक चाल सोडून तिच्याकडं बघत बसतात, हा त्यांचा आणखी एक नियम. सावित्रम्मांनी शब्द कुणाचे, चाल कुणाची ते सांगितलं. पूनम अक्कांच्या शेजारी ताठ बसली होती, परीक्षेला बसल्यासारखी.

अक्कांनी सुरुवात केली. घोगरा आवाज, पण पहिल्या दोन ओळींना तो असा शोभला की विजयमालाबाईंना वाटलं, या ओळी पूर्वीच्या गळ्यातून इतक्या तहानलेल्या लागल्याच नसत्या. तिसरी ओळ आली. ‘येणाऱ्या जिवा’पर्यंत अक्का गेल्या आणि थांबल्या.

तबला वाजत राहिला. ‘ये रे ये’ची जागा तशीच रिकामी गेली. पूनमनं दचकून अक्कांकडं बघितलं, सावित्रम्मांनी मान खाली घातली. दोघीतिघींनी पदर तोंडाला लावला. विजयमालाबाईंच्या छातीत श्वास भरून आला. ती जागा त्यांना येत होती. एक सूर लावला की झालं असतं, अक्कांची लाज राखली गेली असती. पण अक्का घाबरलेल्या दिसत नव्हत्या. त्यांनी शांतपणे पुन्हा पहिली ओळ धरली, दुसरी म्हटली आणि ‘येणाऱ्या जिवा’ला येऊन पुन्हा थांबल्या. या खेपेला त्यांनी उजवा हात पुढं केला, समोर बसलेल्या बायकांकडं, तळवा वर करून.

पहिल्यांदा बाळाबाईनंच ती हाक उचलली. बसल्या जागी नाही, उठून उभी राहिली आणि भाकरी थापणाऱ्या बाईच्या मोठ्या आवाजात म्हणाली, ‘बारो बा.’ तिच्या माहेरच्या कानडीतलं ‘ये रे ये’. स्वतः लिहिलेले शब्द ती विसरली होती की मुद्दाम बदलले, कुणास ठाऊक. मग चारजणींनी ‘ये रे ये’ म्हटलं, मग सगळ्यांनीच. कुणी मराठीत, कुणी कानडीत, कुणाचा सूर वर, कुणाचा फारच खाली, आणि पूनमचा मात्र अगदी नेमका. विजयमालाबाईंनी लावलेली जागा ती नव्हतीच. पण अख्खा मठ कुणाला तरी हाक मारत होता आणि त्या हाकेत आपलाही उघडा आवाज आहे, हे त्यांना दुसऱ्या हाकेला कळलं.

तेव्हा त्यांना आणखी एक गोष्ट कळली आणि ती झोंबली. मागच्यांना उचलायला काही ठेवावं, असं त्या जन्मभर सांगत आल्या होत्या. पण त्यांच्या एकाही चालीत मागच्यांना काही ठेवलेलं नव्हतं. दर श्रावणात अक्का एकट्या गायच्या आणि बाकीच्या बायका गप्प बसून ऐकायच्या. ज्ञानबांचं ते वाक्य पहिल्यांदा खरं करून दाखवलं ते नवी पेठेतल्या कापडवाल्यांच्या घरातल्या बाईनं, आणि तेही आवाज गेल्यावर.

गाणं संपल्यावर प्रसाद झाला, सावित्रम्मा अक्कांना मिठी मारून रडल्या, पूनमनं विचारलं की पुढच्या वेळी मोबाइलवर घेतलं तर चालेल का, आणि नेहमीसारखंच तिला ‘नाही’ मिळालं. मग अक्का आणि विजयमालाबाई रिक्षानं निघाल्या. 

“तुमी पैल्यांदा थांबला तवा मी गाणार हुते,” विजयमालाबाई म्हणाल्या.

“ठाऊक हाय. तुझा श्वास ऐकू आला मला,” अक्का म्हणाल्या. “बरं झालं गप्प बसलीस.”

बाजाराच्या गर्दीत रिक्षा अडकली. पुढच्या वर्षी सोपी, सगळ्यांना धरता येईल अशी चाल लावू का, असं विजयमालाबाईंनी हळूच विचारलं. अक्कांनी पदरानं गळ्यावरचा घाम पुसला, तिथं ऑपरेशनची बारीक खूण होती.

“नको. आणखी वर ने,” त्या म्हणाल्या. “मला न्हाय येत आता, पण आम्ही लई जणी आहोत की.”

मग त्यांनी रिक्षावाल्याला दुकानाच्या अलीकडंच थांबायला सांगितलं, कारण घरातलं दूध संपलं होतं.