सहा पॉइंट अडतीस

महमूद शेख शेवगावचा. जीप त्याची स्वतःची, आणि तिच्यावर त्याचा जीव एवढा, की बायको शमशाद म्हणायची, निकाह हिच्याशीच लावायचा होता, मला कशाला आणलं घरात. अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात ही जीप महिनाभर पुण्याच्या एका कंपनीकडं भाड्यानं गेली. काम मोठं नवलाचं. जिल्हा परिषदेसाठी जिल्ह्याचा नकाशा कॉम्प्युटरवर चढवलेला होता, आणि त्यातले रस्ते खरे किती, खोटे किती, हे गाडी फिरवून तपासायचं होतं.

त्यासाठी जीपच्या डाव्या मागच्या चाकाला लोहचुंबकाचा तुकडा बसवला होता. चाक फिरलं की शेजारच्या यंत्राला ते कळायचं आणि पुढं काचेपाशी ठेवलेल्या पेटीत लाल आकडा सरकायचा. टपावर उपग्रहांशी बोलणारा एक डबा होता, पण तो उन्हानं तापून बिघडला आणि दुरुस्तीला पुण्याला गेला. मग राहिलं चाक. नकाशातला रस्ता जितका लांब, तितकाच चाकानं भरला, तर कागदावर बरोबरची खूण. पेटीतला आकडा शून्यावर आणता यायचा, पण हातानं भरता किंवा बदलता यायचा नाही. म्हणून तर सगळ्यांचा त्याच्यावर विश्वास.

कंपनीच्या इंजिनिअर भारती साळवे. बेलापूरच्या, मास्तरांची लेक, बोलायला कमी आणि कामाला वाघ. त्यांचा महमूदवर विश्वास बसला तोही उगाच नाही. एकदा आकडा शून्यावर न आणताच तो निघाला होता, तर बारा किलोमीटरवरून आपणहून मागं वळला आणि रस्ता पुन्हा मोजला. मॅडम त्याला महमूदभाई म्हणायच्या, आणि जेवणाचा डबा उघडला की पहिली भाकरी त्याच्या हातावर ठेवायच्या.

काम संपायला एक दिवस उरला आणि मॅडमना ऊन लागलं. विश्रामगृहात पडून राहिल्या, उठवेना. उरला होता एकच रस्ता, वडफाट्याच्या दवाखान्यापासून बोरमळा वस्तीपर्यंत. नकाशावर सहा पॉइंट चार किलोमीटर. नियम असा की इंजिनिअर गाडीत पाहिजेच. पण दुसऱ्या दिवशी कागद पुण्याला पोचवायचे होते. मॅडम म्हणाल्या, महमूदभाई, तुम्ही एकटेच जाऊन या, मी सही करते.

महमूद फाट्यावर आला तर बन्सीच्या हॉटेलात टीव्हीपुढं ही गर्दी. शारजाचा सामना. चहा घेऊन निघू म्हणाला, आणि चहाचे तीन झाले. उठवतं कुणाला? आता तुम्ही म्हणाल, सामन्यापायी माणूस काम बुडवतो होय? बुडवतो. चांगली चांगली माणसं बुडवतात, आणि वाईट याचंच वाटतं की कारण एवढंसंच असतं.

बरं, त्या रस्त्यानं तो दोन वर्षांपूर्वी वऱ्हाड घेऊन गेला होता. सरळ रस्ता, मधे ओढा, ओढ्यावर दगडी फरशीचा ठेंगणा पूल. त्यात काय बदलणार, असं त्यानं मनाशी ठरवलं. हॉटेलामागं जीप लावली, पुढच्या चाकांना दगड दिले आणि मागचं डावं चाक जॅकवर उचललं. इंजिन चालू, गिअर टाकला, ॲक्सिलरेटरवर वीट. चाक जागच्या जागी हवेत फिरायला लागलं आणि पेटीत आकडा पळायला लागला. महमूद दारातून एक डोळा टीव्हीवर, एक पेटीवर ठेवून उभा. बेरकीपणा बघा, सहा पॉइंट चारवर त्यानं थांबवलं नाही. अगदी बरोबर आलं तर संशय येतो. सहा पॉइंट अडतीसला वीट काढली. मॅडमनी संध्याकाळी आकडा बघितला, बरोबरची खूण केली आणि खाली सही केली. त्या रात्री महमूदला झोपही छान लागली.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. जीप पुन्हा वडफाटा ते शेवगाव वडाप करायला, सीटा भरून माणसं न्यायला लागली. डिसेंबरात एक दिवस फाट्यावर एक म्हातारी पुढच्या सीटवर येऊन बसली. बोरमळ्याची कडूबाई. वस्तीवरची सुईण, पंचक्रोशीतली निम्मी पोरं तिच्या हातावर झालेली. पंचायत समितीत निघाली होती, तिसऱ्यांदा. पिशवीतून घडी घातलेला कागद काढून तिनं महमूदपुढं धरला आणि म्हणाली, वाच बाबा, मला येत न्हाई.

सीटा भरायच्या म्हणून गाडी अजून फाट्यावर उभीच होती. महमूदनं वाचलं. दवाखान्यापासून दहा किलोमीटरच्या पुढं असणाऱ्या वस्त्यांना उपकेंद्र आणि नर्स मंजूर होणार होती. बोरमळ्याचा अर्ज नामंजूर. कारण, यंत्राद्वारे मोजलेले अंतर सहा पॉइंट अडतीस किलोमीटर. हरकत असल्यास जानेवारीअखेर कळवावे.

आकडा त्यानं दोनदा वाचला. आपलं लेकरू गर्दीतही ओळखू येतं, तसा तो आकडा त्याला ओळखू आला.

कडूबाई बोलतच होती. फरशी गेल्या साली पुरात वाहून गेली. तिथं आता पुरुषभर खड्डा, बैलसुद्धा उतरत नाही. दवाखान्याला जायचं तर कॅनॉलच्या कडंनं सारा वळसा घालायचा. श्रावणात सून अश्विनी अडली, लेकरू आडवं. कडूबाईनं हात लावून बघितलं आणि म्हणाली, हे माझ्या हातचं काम नाही, दवाखाना गाठा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घातली. सून वाचली. लेकरू वाचलं नाही.

"मशीननं मोजलंय म्हनं," कडूबाई म्हणाली. "मशीन खोटं कसं बोलंल? मग आमचाच रस्ता खोटा आसंल."

महमूदनं कागदाची घडी केली आणि परत दिला. शेवगावला तिच्याकडून भाडं घेतलं नाही. तिनं वरून आशीर्वाद दिला, तो तर त्याला तोंडात मारल्यासारखा लागला. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही खोटं नाही. घरी जेवण जाईना. जीप धुवायला घेतली तर डाव्या चाकाला हात लावायला मन होईना. शमशादनं दोनदा विचारलं, काय झालं. पोट बिघडलंय म्हणाला. मनात एकच हिशेब चाललेला. खरं सांगावं तर मॅडमची खोटी सही उघडी पडते, त्यांची नोकरी जाते. गप्प बसावं तर जानेवारी संपतो, आणि पुढच्या श्रावणात आणखी कुणाची सून ट्रॉलीत असेल. चार दिवस त्यानं असे काढले. पाचव्या दिवशी एस.टी. धरून नगरला गेला. कंपनीनं तिथं हापीस उघडलं होतं, मॅडम तिथंच होत्या.

त्यानं सगळं सांगितलं. सामना, जॅक, वीट, सगळं. माफी मागायला तोंड उघडलं, पण कोणत्या तोंडानं मागणार? मॅडमनी मोजणीचा जुना कागद काढून खालची आपली सही बघितली. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग म्हणाल्या, "गाडीत मी नव्हते, आणि होते म्हणून सही केली. ते मीच लिहून देते. तुमचं तुम्ही लिहा." त्यांनी कोरा कागद त्याच्यापुढं सरकवला.

जानेवारीत हुकूम आला, ज्यांनी चुकवलं त्यांनीच त्याच जीपनं पुन्हा मोजून द्यावं. मॅडमची नोकरी राहते की जाते, ते अजून ठरायचं होतं.  दोघं वडफाट्याच्या दवाखान्यापासून आकडा शून्यावर आणून निघाले. कॅनॉलच्या कडंनं, दगडगोट्यांतून, बोरमळ्याच्या मारुतीपाशी पोचले तेव्हा पेटीत सतरा पॉइंट एक होतं. फेरमोजणी दोन्ही बाजूंनी करायचा नियम, म्हणून परतीचंही मोजायचं होतं.

वस्तीवर माणसं जमली. खरं मोजायला माणसं आली म्हणून सगळ्यांना आनंद. कडूबाईनं महमूदला ओळखलं, त्याच्या हातात चहा दिला आणि चारचौघांत सांगितलं की यानंच आपला कागद वाचला, यानंच खटपट केली, देवमाणूस आहे. मॅडम खाली बघत होत्या. महमूदनं चहा तसाच जीपच्या बॉनेटवर ठेवला. गप्प बसला असता तर चालून गेलं असतं, मॅडम काही बोलणार नव्हत्या. पण ते देवमाणूस त्याला सोसलं नाही.

"मावशी, पयल्यांदा मीच मोजलं हुतं," तो म्हणाला. "आलोच न्हाई हिकडं. फाट्यावर चाक उचलून फिरवलं, आन् सामना बघत बसलो."

 एकानं शिवी घातली, कडूबाईनं त्याला हातानं थांबवलं. ती घरात गेली, डोक्यावरचा पदर सारखा करत बाहेर आली आणि जीपच्या मागच्या बाकावर चढून बसली. म्हणाली, दवाखान्यापर्यंत मोजायचं हाय ना, मी येते.

आकडा शून्यावर आणून जीप निघाली. कॅनॉलच्या वळणावर वेड्या बाभळी दाट झाल्या तिथं मागून आवाज आला, थांब. महमूदनं ब्रेक दाबला.

"किती झालं, बाई?" कडूबाईनं मॅडमना विचारलं.

"नऊ पॉइंट दोन."

"हितं झालं लेकरू," कडूबाई म्हणाली. "रडलंच न्हाई." मग महमूदच्या पाठीकडं बघत, आवाज न चढवता म्हणाली, "तुज्या कागदावर तर आमी तवर दवाखान्यात पोचलो हुतो."

महमूदला मागं वळून बघवलं नाही. कपाळ स्टिअरिंगवर टेकून तो ढसाढसा रडला, आणि दोघींपैकी कुणीही त्याला उगी म्हणालं नाही. मॅडमनी आकडा वहीत लिहून घेतला. इंजिन चालूच होतं. दवाखाना अजून आठ किलोमीटर लांब होता, आणि गाडी त्यालाच चालवत न्यायची होती.