दोन डिस्क आणि हिवाळी टायर

मारिका मांडीवर दूध पीत होती आणि मी एका हाताने लॅपटॉपवर नवं लग्न चढवत होते. लोकांच्या लग्नांची चित्रणं कापून-जोडून देते मी घरून, ती झोपेल तेवढ्या वेळात. लहान डिस्क भरत आलेली, म्हणून माझ्या नवऱ्याने, बोहदानने, मध्यंतरी आत दुसरी, मोठी बसवून दिली होती. तिच्यात अजून मी काहीच टाकलं नव्हतं. तरी तिच्यावरही जागा संपल्याची लाल पट्टी!

"दोन्ही जोडून एकच करून टाकतो शनिवारी," बोहदान म्हणाला. "कटकटच नको. फक्त जोडताना मोठी पुसावी लागते. तू खबरदारी म्हणून तुझी लग्नं बाहेरच्या डिस्कवर काढ. मोठीवरचं मी बघतो."

"मोठीवर आहे काय?"

"असंच. किरकोळ." त्याचे कान लाल झाले. बाहेर थंडी होती खरी, पण तो घरात येऊन बराच वेळ झाला होता.

लेस्याताईला फोन केला. थोरली बहीण, तिचा नवरा ओरेस्ट बोहदानबरोबरच जमिनीखाली पोटॅशच्या खाणीत कामाला.

"जागा मागणाऱ्या नवऱ्याला आधी विचारावं, भरलंय कशानं," ताई म्हणाली. "आणि ऐक, ओरेस्ट सांगत होता, जेवणाच्या सुट्टीत तुझा नवरा कोपऱ्यात बसतो, कानात हेडफोन. एकटाच हसतो म्हणे."

"अगं, खाली रेंजसुद्धा नसते."

"म्हणूनच! घरून भरून नेत असेल बाई."

बाई हा शब्द ती नेहमीच वापरते. त्या दिवशी मात्र तो खुपला.

दुपारी मारिका झोपल्यावर मी मोठी डिस्क उघडली. एकच फोल्डर: 'हिवाळी टायर'. बर्फात गाडीला लावायचे टायर तर चारच, गॅरेजमध्ये. त्यांना एवढी जागा?

पहिलं चित्रण सुरू केलं. अंधुक खोली. कुणाचा तरी श्वास. माझा अडकला.

मग पाळण्याचे गज दिसले. पिवळी दुलई वर होत होती, खाली होत होती. बस, एवढंच. दुसऱ्यातही तेच. तिसऱ्यातही. सगळ्यात जुनं, दिवस भरायच्या आधीच जन्मलेली आमची पोर दवाखान्यातून घरी आली तेव्हाचं. मी सारखी तिच्या नाकाशी हात धरायचे, तर हाच माणूस मला 'श्वासांची इन्स्पेक्टर' म्हणायचा! एका चित्रणाच्या शेवटी त्याची कुजबुज होती: "झोप, पिल्ला. बाबा तुला फोनमध्ये घेऊन खाली जातो."

शनिवारी तो लॅपटॉप घेऊन बसला. "लग्नं काढलीस?"

"जोडल्यावर एक डिस्क बिघडली तर?"

"तर दोन्हीतलं गेलं."

"मग नको जोडूस. लग्नं बाहेरच ठेवते मी. टायर राहू देत."

ताटातली पेरोगीची उकडलेली करंजी त्याने काट्याने नुसतीच फिरवली. "खाली रेंज नसते गं. वर काय झालं, कळतच नाही..."

"मला सांगितलं का नाहीस?"

"कुठल्या तोंडाने? तुला चिडवलं होतं ना." मग त्याने मान वर केली. "पण तू ते फोल्डर उघडलंस कशाला?"

आता माझे कान तापले. ताईचं नाव ओठांवर आलं, ते गिळलं.

आतल्या खोलीतून काहीच आवाज येत नव्हता. जरा जास्तच वेळ. आम्ही दोघं एकदम उठलो आणि दारात एकमेकांवर आपटलो.

"सावकाश, इन्स्पेक्टर," तो पुटपुटला.

"तुम्ही आधी, साहेब."

दुलई वर होत होती, खाली होत होती.