पाय दिसला पाहिजे

"आबा, हे कानात घाला," असं म्हणून दत्तानं काळ्या वायरीचं बोंडूक रखमाजीच्या हातात दिलं.

रखमाजीनं ते कानात घातलं, जरा वेळ ऐकलं आणि काढून तळहातावर धरलं.

"हे काय पालीगत चुकचुकतंय?"

"टेम्पो हाय आबा. आमी समदे त्याच्यावरच वाजवतो. गाणं एका चालीत राहतं."

"आन् ह्ये पाय कुणाचे म्हनायचे?"

"कसले पाय?"

"नाचणाऱ्याचे! कुणाच्या पायानं ह्ये टक टक चाललंय?"

दत्तानं डोकं खाजवलं. वरवंडच्या पोपटरावांचा हा थोरला. कांद्याची चाळ रिकामी झाली की बापाची परवानगी काढून तिथं गिटारी, पेट्या, वायरी मांडायचा आणि चौघं मिळून दिवसभर पत्रे हादरवायचे. कॉलेजात असताना केडगावच्या रेल्वे फाटकावर रोज अडकून पडायचे, तिथंच गाडीच्या टपावर ताल धरायचे, म्हणून बँडचं नाव 'फाटक बंद'. गावानं आधी वेड्यात काढलं. मग युरोपातल्या पाच शहरांचं बोलावणं आलं, आणि तेच गाव पोपटरावांना हार घेऊन भेटायला गेलं. माणसांचं असंच असतं.

रखमाजी या पोरांच्यात कसा आला? तर नातीमुळं. हर्षदा बँडमध्ये ड्रम वाजवायची, आणि दौऱ्याच्या गाण्यात आबांचा ढोल हवा हा हट्ट तिचाच. रखमाजीची वस्ती शिरूर तालुक्यातली, न्हावऱ्याच्या अलीकडं. बाप मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा; रखमाजीनं मात्र रांजणगावच्या एका कंपनीत तीस वर्षं खोक्यांना टेप चिकटवली. फाटकी खोकी घरी आणायचा, त्यांच्यावरच हर्षदानं लहानपणी हात बसवला. एरवी त्या माणसात सांगण्यासारखं काही नव्हतं. फक्त दसऱ्याला बिरदेवाच्या देवळापुढं धनगरी गजी नाचाचं रिंगण पडायचं, बाप्ये रुमाल उडवत गोल फिरायचे आणि मधोमध ढोल गळ्यात घालून रखमाजी उभा राहायचा. तेवढा एक दिवस तो कुणाचाच नोकर नसायचा.

आणि गजीचा ढोल्या हाताकडं बघत नाही. तो मान खाली घालून नाचणाऱ्याच्या पायाकडं बघतो. पाय उचलला की टिपरू उचलायचं, पाय टेकला की ठोका पडायचा. पाय थकले तर ढोल सावकाश होतो, पायांना चेव आला तर ढोलालाही येतो. बापानं त्याला हेच शिकवलं होतं, आणि जगातले सगळे असंच वाजवतात असं तो धरून चालला होता.

मग चाळीत त्यानं आपल्यापुरता मार्ग काढला. पाट ओढून हर्षदाच्या ड्रमशेजारी बसला. मोठ्या ड्रमला खाली पायानं दाबायचं पॅडल असतं. त्यावरच्या तिच्या उजव्या पायावर त्यानं नजर लावली. झालं! गाणं असं बसलं की पोपटराव चहाचा कप हातात धरून दारात उभेच राहिले. दत्तानं रोजचं वाजवणं लॅपटॉपमध्ये भरून ठेवलं. म्हातारा टकटकीला सरावला, असं त्याला वाटलं. बोंडूक तर रखमाजीच्या खिशात तंबाखूच्या पुडीशेजारी पडलेलं असायचं. ते कुणी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. चूक म्हणायची तर दोघांची.

निघायच्या दिवशी बायकोनं, कुशाबाईनं, घोंगडं घडी करून दिलं. "अवो, तिकडं नाचंल का कुणी?"

"नाचतील की. माणसंच हायती न्हवं?"

पहिल्या शहरात स्टेज बघूनच रखमाजी चरकला. हर्षदाला मागं, छातीएवढ्या उंच चौथऱ्यावर बसवलेलं. त्याला मात्र फेटा, धोतर, खांद्यावर घोंगडं अशा थाटात अगदी पुढं उभं केलं. बँडचा मॅनेजर पुण्याचा. माणूस वाईट नव्हता, पण त्याला सगळं फोटोत कसं दिसेल तेच दिसायचं. समोर डोळ्यात दिवे, लोकांचे पाय कठड्याआड, आणि नातीचा पाय पाठीमागं. रखमाजी अंदाजानं वाजवत राहिला आणि ढोल कधी पुढं, कधी मागं. मागच्या पडद्यावरची चित्रं टकटकीला बांधलेली, ती निराळीच धावायला लागली. दुसऱ्या शहरात तीच गत.

"मला पोरीशेजारी बसवा," त्यानं सांगून बघितलं. "मला तिचा पाय दिसला पाहिजे."

"आबा, लायटिंग सेट झालंय हो सगळं," मॅनेजर गोड हसून म्हणाला. "तुम्ही टेन्शन घेऊ नका. आम्ही करतो काहीतरी."

आणि त्यांनी केलं.

तिसरं शहर जर्मनीतलं, कोलोन. उघड्या मैदानात कार्यक्रम, संध्याकाळचे सात वाजले तरी लख्ख ऊन. रखमाजीनं पहिली थाप मारली आणि सुखावला. काय आवाज! छातीत घुमत होता. एकही ठोका इकडचा तिकडं नाही. देवा, आज पाय नसताना जमलं रे, असं तो मनात म्हणाला. त्याला भरून आलं.

घाम डोळ्यात उतरला म्हणून त्यानं टिपरू काखेत धरून फेट्याच्या शेवानं कपाळ पुसलं.

ढोल वाजत होता.

त्यानं दोन्ही हात वर केले. ढोल वाजतच होता. कान देऊन ऐकलं तेव्हा त्याला स्वतःचाच हात ओळखू आला. वरवंडच्या चाळीतला हात होता तो. एका जागी हर्षदाचा पाय जरा लवकर पडला होता आणि तोही तिच्याबरोबर लवकर गेला होता. ती जागासुद्धा तशीच आली. आता त्याच्या गळ्यातल्या ढोलापुढचा माइक मुका होता.

त्यानं मागं वळून बघितलं. हर्षदानं मान खाली घातली. म्हणजे पोरीला ठाऊक होतं.

रखमाजीला राग आला. असला राग त्याला जन्मात आला नव्हता. कंपनीत त्याला कुणी विचारत नव्हतं, नावानं हाकसुद्धा मारत नव्हतं. पण तिथं रखमाजीचे हात थांबले की सगळी लाइन थांबायची, साहेब धावत यायचा. इथं फेटा बांधून त्याला देवासारखं उभं केलं होतं आणि हात थांबले तरी कुणाचं काही अडत नव्हतं!

त्यानं खांद्यावरचं घोंगडं काढलं, नीट घडी करून आपल्या जागेवर ठेवलं. मग ढोल सावरत, पायऱ्या चढून तो चौथऱ्यावर गेला आणि पॅडलशेजारी फतकल मारून बसला. कनवटीची पिशवी सोडून ढोलावर भंडारा उधळला. थोडा हर्षदाच्या बुटावर पडला.

"बिरोबाच्या नावानं चांगभलं! पोरी, पाय हलव."

"आबा, ट्रॅक चालूय," ती रडवेली होऊन ओरडली. "समदं बिघडंल."

"बिघडू दे. तुजा पाय हलव म्हन्तो न्हवं!"

हर्षदानं त्याच्याकडं बघितलं. कानातली बोंडकं उपटून काढली. तिचा पाय थांबला, आणि मग तिच्या मनानं खाली आला. रखमाजीचा ठोका त्याच्यावर पडला. थोडा वेळ दोन ढोलांचं नुसतं भांडण. दत्ता वळून पाहत राहिला, मग गिटार तशीच गळ्यात घेऊन लॅपटॉपपाशी गेला आणि त्यानं तो मिटला. मागचा पडदा काळा झाला. हर्षदाच्या ड्रमचे माइक चालू होते, त्यांनीच ढोलाचा आवाज मैदानभर नेला.

पुढं उभ्या असलेल्या एका पिकल्या केसांच्या बाईनं गळ्यातला रुमाल सोडला आणि डोक्यावर फिरवला. तिला कुणी शिकवलं होतं? तिच्याकडं बघून दुसरीनं, मग दहा जणांनी. चार मिनिटांचं गाणं अकरा मिनिटं चाललं. रखमाजीनं त्यातलं काही पाहिलं नाही. तो पायाकडं बघत होता.

स्टेजमागं मॅनेजर लालबुंद होऊन उभा होता.

"लोक नाचले, मान्य आहे. पण पुढचे दोन्ही शो मिनिटावर बांधलेत. लाइट, स्क्रीन, सगळं. ढोलाचा ट्रॅकच वाजणार. आबा, तुम्ही पुढं उभं राहायचं, नुसते हात हलवायचे. एवढं काय अवघड आहे?"

"हात हलवायला बुजगावणं आना की. वरवंडात लई मिळतील."

"आबा," दत्ता बुटांकडं बघत म्हणाला, "दोनच कार्यक्रम राहिल्यात. निभावून घ्या ना."

"दत्ता, ह्यो द्येवापुढचा ढोल हाय. ह्याच्यावर खोटा हात फिरवला तर दसऱ्याला कंच्या तोंडानं हुभा राहू रं? तुज्या बापानं चाळ दिली ती खोटं वाजवायला दिली व्हती का?"

दत्ता गिटारीची वायर गुंडाळायला लागला. थांबा म्हणाला असता तर बरं झालं असतं.

"मंग म्या चाललो."

"मीबी येते आबा," हर्षदा म्हणाली. "माझंच चुकलं. मी तवाच सांगाया पायजे व्हतं."

"चुकलं तर हायच. पर तू कशाला येतीस? माज्या हातागत तुजा पाय कुणी डब्यात भरलाय का? तू तुजं वाजवून ये."

तिसऱ्या दिवशी तो एकटा वस्तीवर पोचला. कुशाबाई गोठ्यातून हात पुसत आली.

"लवकर आलासा?"

"व्हय. माजं काम संपलं."

"नाचली का माणसं?"

"नाचली."

तिनं चुलीवर चहा ठेवला.

पावसाळ्याच्या मध्यावर मॅनेजर स्वतः गाडी घेऊन वस्तीवर आला. गाणं आता सगळ्या जगात निघणार होतं, आणि चाळीत भरलेला ढोल त्यात वापरायला रखमाजीची सही हवी होती. "तुमचं नाव सगळ्यात वर टाकू आबा. पहिलं नाव."

रखमाजीनं चष्मा लावून कागद उलटा-सुलटा बघितला. "ह्यात लिवलंय का, की ढोल वाजत व्हता तवा वाजवणारा हात वर करून हुभा व्हता?"

"असं कुठं लिहितात का आबा?"

"मंग माजं नाव बी नगं. नाव बी नगं आन् सही बी नगं. बसा, च्या घिऊन जावा."

मॅनेजर चहा पिऊन गेला. गाणं ढोलाशिवाय निघालं. रखमाजीनं ते एकदाच, हर्षदाच्या फोनवर ऐकलं. जिथं त्याची थाप होती तिथं आता मोकळं होतं. त्याची बोटं बाजेच्या लाकडी गातावर त्या त्या जागी आपोआप आपटत गेली आणि गाणं संपल्यावरही थोडा वेळ आपटत राहिली. बरं नाही वाटलं त्याला. खोटं कशाला सांगा? ऐकायला माणसं मिळाली असती, जगभर मिळाली असती. ती गेली.

दसऱ्याला देवळापुढं रिंगण पडलं. यंदा अकराच बाप्ये. पोरं मोबाइल धरून कडेला. हर्षदा सकाळीच वस्तीवर आली होती, कुशाबाईशेजारी बायकांच्यात उभी होती. रखमाजीनं ढोल गळ्यात घातला, भंडारा लावला, मान खाली घातली. आणि वाजवेना.

"घ्या की आबा," झांजवाला हौशीराम म्हणाला. देवळाचा कारभारही त्याच्याकडंच. "चांगभलं म्हना आन् काढा."

रखमाजीनं मान वर केली. "हर्षदे, ये हिकडं. रिंगणात ये."

हौशीराम पुढं आला. "आबा, बाईमाणूस रिंगणात? आजवर असं झालं न्हाई."

"आजवर ढोल बी इमानात बसला न्हवता."

कुणीतरी फिदकन हसलं. हौशीराम हसला नाही. "द्येवाचं काम हाय आबा, चेष्टा न्हाई."

"म्या कुटं चेष्टा करतूय? परमुलखात म्या एकला पडलो तवा ह्योच एक पाय माज्या संगट व्हता. तुमचा एकाचाबी न्हवता. तो रिंगणात नसंल तर म्या वाजवत न्हाई. दुसरा ढोल्या बघा."

दुसरा ढोल्या पंचक्रोशीत नव्हता. ते हौशीरामला माहीत होतं, आणि त्याला माहीत आहे हे रखमाजीला. हौशीरामनं देवळाच्या दाराकडं पाहिलं, अकरा बाप्यांकडं पाहिलं. मग दोन पावलं सरकून त्यानं शेजारी जागा केली.

कुशाबाईनं नातीच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढं लोटलं. हर्षदानं बूट काढले. त्यांच्या शिवणीत अजून पिवळं अडकलेलं होतं. ते तिनं देवळाच्या पायरीशी ठेवले आणि कुणीतरी पुढं केलेला रुमाल घेऊन ती रिंगणात येऊन उभी राहिली.

रखमाजीनं मान खाली घातली, टिपरू वर धरलं आणि तिच्या उजव्या पायाची वाट बघत उभा राहिला.