अकरा तालमी

लोकांना छळायचा मला पगार मिळतो. खोटं वाटेल, पण खरं आहे. कोणाचा नवरा, कोणाची लेक दुसऱ्याच्या हयगयीने मरते आणि घरचे भरपाईच्या दाव्यासाठी आमच्या वकीलबाईंकडे येतात. बाई त्यांना पाणी देतात, धीर देतात, कागद करतात. मग साक्षीच्या आधी त्यांना मागच्या खोलीत माझ्यासमोर बसवतात. तिथे मी समोरच्या कंपनीचा वकील होतो आणि त्यांची सालटी काढतो, म्हणजे कोर्टात खरोखर निघायला लागली की ते डगमगत नाहीत. मी काही वकील नाही. सव्वीस वर्षं कोर्टात टाइपरायटर बडवला. साक्षीदाराला चिमटा कुठे काढायचा, ते सगळं या बोटांखालून गेलंय. ऑफिसात मला सगळे 'कंपनी' म्हणतात. "कंपनी, चहा घेणार का?" असं.

मिस्त्रींची केस म्हणाल तर आमच्या खिशातच होती. मिस्त्री म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारे, उभा जन्म त्यातच गेलेला. मुलालाही त्यांनीच कामाला लावलं होतं. दोन वर्षांपूर्वी मुलगा लिफ्टच्या खड्ड्यात उतरून काम करत होता, वर कोणीतरी मेन स्विच चालू केला आणि लिफ्ट खाली आली. पुढचं सांगत नाही. नियम असा की खड्ड्यात उतरायच्या आधी स्विच बंद करायचा, त्याला आपलं कुलूप घालायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. त्या दिवशी स्विचला कुलूप नव्हतं. त्याची लिफ्ट कंपनी म्हणत होती, त्यानेच घातलं नाही, मेला तो स्वतःच्या चुकीने. आम्ही म्हणत होतो, सहा माणसांत तुम्ही दोन कुलपं दिलीत, घालणार काय, कपाळ? त्यांच्याच स्टोअरकीपरने दोन कुलपं कबूल केली होती. आता मिस्त्रींनी फक्त एवढंच सांगायचं होतं की पोराला मी कुलूप घालायला शिकवलं होतं. त्यावर सुनेचं आणि पाच वर्षांच्या नातीचं पुढचं सगळं अवलंबून होतं.

पहिल्या तालमीत मी सवयीने एक खडा टाकला. "तुम्ही स्वतः कधी कुलपाशिवाय उतरलात?"

मिस्त्रींनी बाहेरच्या दाराकडे बघितलं. तिथेच मला कळलं, घोडं कुठे पेंड खातंय ते.

"एकदा," ते म्हणाले. "हा बरोबर होता. एकोणीस वर्षांचा. लोक अडकले होते, वरून ओरडत होते. हा म्हणाला, बाबा, कुलूप. मी म्हटलं, दोन मिनिटांचं काम आहे रे, कुलूप कसलं घालतोस."

बाई दाराशी उभ्या होत्या. त्या आत आल्या आणि अगदी प्रेमाने म्हणाल्या, "काका, हे कोर्टात नाही हं बोलायचं. विचारलंच तर कंपनी शिकवेल तेवढंच सांगायचं." कंपनी म्हणजे मी. सून तेव्हा बाहेरच्या बाकावर मुलीच्या वहीला कव्हर घालत बसली होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं, आणि आम्हीही माहीत होऊ दिलं नाही.

मग मी त्यांना घडवलं. समोरून येणार होता तो आमच्या कोर्टातला नावाजलेला वाघ, साक्षीदाराच्या अंगावर धावून जाणारा. म्हणून मीही धावून गेलो. टेबलावर थापा मारल्या. "मुलाला मारलंत तुम्ही!" म्हणालो. "आता त्याच्या जिवावर पैसे मागायला लाज नाही वाटत?" म्हणालो. पहिल्यांदा त्यांचे ओठ थरथरले. चौथ्यांदा फक्त बोटं हलली. सातव्या वेळी ते, मी शिकवल्याप्रमाणे, न्यायाधीशांच्या पेनाकडे, म्हणजे मी ठेवलेल्या पेनाकडे, बघत शांतपणे म्हणाले, "मी त्याला कुलूप घालायलाच शिकवलं." अकराव्या तालमीला तर मी घसा फुटेपर्यंत ओरडलो, हा माणूस भिंतीसारखा. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! बाईंना म्हटलं, आता वाघ येऊ दे नाहीतर वाघाचा बाप.

वाघ आलाच नाही.

त्याचा घसा बसला होता म्हणे, की मुद्दामच केलं, देव जाणे. त्याच्या जागी उभी राहिली त्याची ज्युनिअर, सव्वीस-सत्तावीसची पोर. चष्मा, बारीक आवाज. मी मनात म्हटलं, हिला तर आमचे मिस्त्री चघळून थुंकतील. काय अक्कल माझी!

ती म्हणाली, "काका, बसून बोललात तरी चालेल. पाणी हवंय का?"

मिस्त्री बसले. पाणी प्यायले. पेनाकडे बघायचं विसरले.

"तुमच्याच हाताखाली शिकला ना तो? हुशार होता?"

"फार हुशार होता, बाई."

"तुमची आठवण येत असेल त्याला काम करताना." वाक्य चुकलं तिचं, म्हणायचं होतं काहीतरी वेगळंच. पण मिस्त्रींना ते कुठे लागलं काय सांगू. त्यांनी मान खाली घातली. ती थांबली. ओरडली नाही, घाई केली नाही, नुसती थांबली. मग म्हणाली, "काका, दोन वर्षं झाली. तुम्हाला काही सांगायचंय का?"

आमच्या बाई ताडकन उठल्या, हरकत घेतली. न्यायाधीश म्हणाले, बोलू दे त्यांना.

आणि मिस्त्री बोलले. अडकलेली माणसं, कुलूप, दोन मिनिटांचं काम, सगळं. वर आणखी एक वाक्य, जे मलाही त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. "त्यांनी सहा कुलपं दिली असती तरी त्याने घातलं नसतं, बाई. तो माझं बघून शिकला होता."

गुळाने मरतो त्याला विष कशाला, म्हणतात ना. पोर "आभारी आहे, काका" म्हणून खाली बसली. तिचे डोळे भरले होते, खोटे नव्हते. त्याचाच मला जास्त राग आला.

फेरतपासणीत बाईंनी दोन कुलपांचा मुद्दा पुन्हा पुढे रेटला, पण मोडकी शिडी धरून उभं राहण्यातला तो प्रकार. बाहेर व्हरांड्यात कंपनीच्या माणसाने तडजोडीचा देऊ केलेला आकडा मागे घेतला. अगदी अदबीने घेतला.

आत मागच्या बाकावरून सगळं ऐकलेली सून मिस्त्रींसमोर येऊन उभी राहिली. ती रडली नाही. "दोन वर्षं मी देवाला विचारतेय, यांच्या डोक्यात कुलूप न घालायचं आलं कुठून," ती म्हणाली. "आणि तुम्ही शेजारच्या खोलीत झोपत होतात." मग तिने मुलीचं बोट धरलं. "आम्ही माझ्या भावाकडे जातोय, बाबा. तुम्ही तिकडे येऊ नका." नात मागे वळून बघत होती, तिला ओढून न्यावं लागलं.

मी मिस्त्रींवर भडकलो, आता खरोखरचा. "अहो, अकरा वेळा विचारलं मी! पहिली तालीम सोडली तर दरवेळी बरोबर बोललात आणि आज त्या कालच्या पोरीपुढे काय ही अवदसा आठवली?"

ते माझ्याकडे बघत राहिले. "तुम्ही विचारलंत, साहेब," ते म्हणाले, "पण ऐकून कोणी घेतलंच नाही. तिने घेतलं." आणि जिना उतरून गेले, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत.

संध्याकाळी बाई माझ्या टेबलाशी आल्या. मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्या म्हणाल्या, "चूक माझीच. आपण फक्त ओरडून तयारी करतो. यापुढे गोडही बोलायचं, कंपनी. उद्यापासूनच."

दुसऱ्या दिवशी एक आई आली. मुलगी दवाखान्यात चुकीच्या इंजेक्शनने गेलेली. मी खुर्ची पुढे ओढून दिली, आवाज खाली आणला. "आई, पाणी घ्या. घाई नाही. तुम्हाला काय सांगायचंय?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला खिडकीकडे तोंड करावंसं वाटलं. मग ती बोलायला लागली. त्या रात्री मुलगी म्हणाली होती, आई, घरी जाऊ या ना, आणि आपणच तिला दटावलं, गप्प पड म्हणून. हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. तिने माझा हात धरला. मी तिला चार वाक्यं बोलू दिली, पाचव्याला टेबलावर थाप मारली.

"इथेच केस गेली तुमची," मी म्हणालो. "डोळे पुसा. पुन्हा पहिल्यापासून."